कछव्याची पाठ वाकडी का होते? लहान कासव पाळणाऱ्या घरांनी समजून घ्याव्यात अशा गोष्टी

शहागडसारख्या नदीकाठच्या गावाला कासवाचं नवल नाही. समोर गोदावरी आहे, पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात कासव येतं, जुन्या विहिरीत असतं, पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावरही दिसतं. पण आता आपल्या घरांमध्ये कासव वेगळ्या वाटेनेही येऊ लागलं आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) किंवा पुण्याहून येताना मामू भाच्यासाठी प्लास्टिकच्या डब्यात रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार पिल्लू घेऊन येतात. ईदीच्या पैशांतून मुलं स्वतःही विकत घेतात. घरात त्याला कुणी कछवा म्हणतं, कुणी कासव. दोन-चार महिने सगळ्यांना कौतुक असतं. मग पाठ मऊ लागायला लागते, किंवा कडा वर वळतात, किंवा पाठीवर टेंगळं येतात. आणि पालक विचारतात, "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवता ना, हे असं का होतंय?"

थोडक्यात उत्तर असं : कासवाची पाठ म्हणजे त्याचं हाड आहे. लहानपणी त्या हाडाला जे मिळालं नाही, ते पुढे भरून निघत नाही. वाकडी वाढलेली पाठ मरेपर्यंत वाकडीच राहते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात महत्त्वाची. पण त्याही आधी एक प्रश्न आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

आधी पाहा, कासव कोणतं आहे

आपल्याकडच्या घरांत साधारण चार प्रकारची कासवं आढळतात.

पहिलं, नदी-तळ्यातलं देशी कासव. यात सगळ्यात जास्त दिसतं ते फ्लॅपशेल. पाठ गुळगुळीत, तपकिरी-हिरवट, आणि पोटाच्या बाजूला मागचे पाय झाकून घेणाऱ्या दोन झडपा. मुलं ते उचलून घरी आणतात, बादलीत ठेवतात.

दुसरं, स्टार कासव, म्हणजे तारा कासव. काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. हे जमिनीवर राहतं. दिसायला फार देखणं, आणि तेच त्याच्या जिवावर उठलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आंध्र-कर्नाटकच्या एकाच पट्ट्यातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं जंगलातून उचलली जातात, असं आढळलं. त्यातली बहुतेक पिल्लं.

या दोन्ही प्रकारांबद्दल कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. फ्लॅपशेल आणि स्टार कासव दोन्ही अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. ते घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद व किमान २५,००० रुपये दंड. "आम्हाला माहीत नव्हतं" किंवा "मुलाने हौसेने आणलं" हे कारण कोर्टात चालत नाही. स्टार कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१९ पासून जवळजवळ पूर्ण बंद आहे.

तिसरं, लाल कानाचं कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. दुकानातल्या डब्यातलं हिरवं पिल्लू बहुतेक वेळा हेच असतं. डोळ्यामागे लाल पट्टी असते. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आपल्या देशी संरक्षित प्राण्यांच्या यादीत ते नाही, म्हणून उघड विकलं जातं.

चौथं, सल्काटा. आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचं, जमिनीवर राहणारं कासव. पिल्लू तळहातावर मावतं, पण मोठं होऊन ४०-५० किलोचं होतं आणि माणसाइतकं जगतं. हे आंतरराष्ट्रीय यादीतलं विदेशी कासव असल्याने ज्याच्याकडे असेल त्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले.

म्हणून हिशोब सोपा आहे. घरात फ्लॅपशेल किंवा स्टार कासव असेल, तर पुढचा लेख वाचून त्याला घरात वाढवायला बसू नका. वनविभागाला कळवा. महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे. लपवून ठेवण्यापेक्षा स्वतःहून कळवणं केव्हाही बरं. जायला भीती वाटत असेल, तर मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला किंवा शाळेच्या शिक्षकाला सोबत घ्या.

मुलाने आजच काठावरून एखादं देशी कासव उचलून आणलं असेल, तर आजच, जिथून आणलं तिथेच, पाण्याच्या काठाला सोडून द्या. पण आधी त्याचे पाय बघा. बोटांमध्ये पडदे असतील तर ते पाण्यातलं. हत्तीसारखे गोल, खांबासारखे पाय असतील तर ते जमिनीवरचं. जमिनीवरचं कासव नदीत सोडलं तर ते बुडून मरतं. "कछवा आहे, पोहेल" असं समजून पुलावरून स्टार कासव गोदावरीत टाकणं म्हणजे त्याला मारणंच.

आणखी एक गोष्ट. "वीस नखांचं कासव घरात ठेवलं की बरकत येते, पैसा दुप्पट होतो" असं सांगून फसवणाऱ्या टोळ्या आपल्या राज्यात फिरत असतात. यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही, दोन्हीकडचे लोक फसतात. पैसा जातो आणि वर वन्यजीव कायद्याची केस लागते. कासवाच्या नखांत बरकत नसते.

आता पुढे जे लिहिते ते स्लायडर किंवा नोंदणी केलेलं सल्काटा ज्यांच्या घरात आधीच आहे त्यांच्यासाठी. आणि जे घ्यायचा विचार करत आहेत त्यांच्यासाठीही, म्हणजे घेण्याआधी कळेल की काम केवढं आहे.

कवच म्हणजे घर नव्हे

मुलांच्या कार्टूनमध्ये कासव कवचातून बाहेर येतं, कवच काढून ठेवतं. खऱ्या कासवाला ते जमत नाही. त्याचा कणा आणि बरगड्या कवचाला आतून जोडलेल्या असतात. खरं तर त्या बरगड्या पसरूनच कवच बनलं आहे. पाठीचं आणि पोटाचं मिळून ५०-६० हाडांची ही पेटी असते. त्यावर आपल्या नखांसारख्या पदार्थाचे, म्हणजे केराटिनचे तुकडे बसवलेले असतात. पाठीवर जे चौकोनी-षटकोनी तुकडे दिसतात, ते हे.

या हाडात रक्त वाहतं, तिथे वेदना कळते. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं फार वयोवृद्ध कासव होतं. मार्च २००६ मध्ये ते गेलं. त्याआधी काही महिने त्याच्या कवचाला तडा गेला होता आणि आतल्या मांसाला जखम झाली होती. कवच हा दगड असता तर तडा जाऊन काही बिघडलं नसतं.

पिल्लू वाढतं तसं प्रत्येक तुकड्याच्या कडेला नवा थर येतो, आणि त्याखाली नवं हाड. त्या नव्या हाडाला पुरेसं कॅल्शियम मिळालं नाही तर ते मऊ राहतं. आपल्याकडे लहान मुलांना मुडदूस होतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की कासवाचे पाय नव्हे, सगळी पाठच वाकते.

ऊन : फुकट आहे, पण काचेतून चालत नाही

कॅल्शियम नुसतं खाऊन उपयोग नाही. ते आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कासवाच्या कातडीत उन्हामुळे तयार होतं. उन्हातल्या ज्या किरणांनी हे होतं त्यांना युव्हीबी म्हणतात. साधी खिडकीची काच ही किरणं अडवते. म्हणून काचेच्या टाकीतलं कासव खिडकीशी ठेवलं, ऊन अंगावर पडताना दिसलं, तरी त्याला फक्त गरमी मिळते. हाडाला जे हवं ते मिळत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचं स्लायडर सात-आठ महिने पलंगाखालच्या टबमध्ये होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "याला काही लागत नाही, दोन दाणे टाका." पाठ दाबली की आत जायची. घरच्यांना वाटायचं, फार शांत आहे, झोपतं. ते शांत नव्हतं, त्याच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं.

आपल्या जालना जिल्ह्यात ऊन विकत घ्यावं लागत नाही. गच्चीवर, अंगणात, जाळीच्या झाकणाखाली रोज अर्धा-पाऊण तास पुरे. थंडीत सकाळी दहा ते बारा. मार्चपासून जूनपर्यंत सकाळी आठ-साडेआठच्या आतच. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. अर्ध्या जागेत सावली हवीच, म्हणजे गरम झालं की ते स्वतः सरकेल. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात उन्हात कधीच ठेवू नका. मे महिन्यात असा डबा काही मिनिटांत भट्टी होतो आणि कासव मरतं. आणि जाळी घालाच, कारण कावळा, घार, मांजर यांना एवढंसं पिल्लू म्हणजे घास आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ऊन मिळत नसेल तर युव्हीबीचा खास दिवा लागतो. साधा बल्ब किंवा ट्यूबलाइट चालत नाही. तो दिवा दिसायला चालू असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातली युव्हीबी कमी होते, म्हणून बदलावा लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडे चांगलीच थंडी पडते. सल्काटा थंडीत झोपून राहणाऱ्या जातीचं नाही, त्याला रात्री घरात घ्या.

खाणं : घास, पाला आणि थोडा संयम

सल्काटाचं खरं अन्न गवत. हरळी उत्तम. सोबत जास्वंदाची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. शेवगा आणि निवडुंगात कॅल्शियम भरपूर असतं आणि दोन्ही आपल्याकडे बांधावर मिळतात. जनावरांचा लसूणघास थोडाच द्या. पालक रोज नको, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. काकडी-टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी. केळी, आंबा, टरबूज नकोच. गवत कुठून कापता तेही बघा. कापूस, ऊस, मोसंबीच्या शेताच्या कडेचं गवत फवारणीचं असू शकतं.

स्लायडर पाण्यातलं आहे. पिल्लूपणी त्याला मांसाहारही लागतो. कासवांसाठीचे चांगले दाणे, कधी लहान मासा काट्यासकट, आणि हळूहळू जास्त पाला. नुसता सुकट-जवळा टाकून वाढवलेल्या स्लायडरची पाठ हमखास बिघडते.

दोघांनाही चपाती, भात, ब्रेड, बिस्कीट, दूध, डाळ, मटणाचा तुकडा यातलं काहीही देऊ नका. दस्तरख्वानवरचं उरलेलं देण्यात आपला प्रेमाचा भाव असतो, पण कासवाच्या आतड्याला ते झेपत नाही. धान्य, डाळ, मांस यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. रक्तात फॉस्फरस वाढला की शरीर तो तोल सांभाळायला हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं. म्हणजे पोट भरलेलं दिसतं, वजन वाढतं आणि पाठ पोकळ होत जाते. खाण्यात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम असावं, असा साधा नियम आहे.

वरून कॅल्शियम देण्यासाठी समुद्रफेस सगळ्यात सोपा. अत्ताराच्या दुकानात मिळतो. त्याचा तुकडा ठेवून द्या, कासव लागेल तेवढं कुरतडतं. उकडलेल्या अंड्याचं टरफल धुऊन, वाळवून, बारीक पूड करून पाल्यावर चिमूटभर टाकली तरी चालते.

इथे तीन चुका फार दिसतात. पानाला लावायचा चुना देऊ नका. "चुना म्हणजे कॅल्शियम" हे अर्धंच खरं आहे, तो चुना तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो. गाई-म्हशीचं मिनरल मिक्श्चर देऊ नका, त्यात फॉस्फरस असतो. आणि मेडिकलमधून आणलेली ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी तर हातही लावू नका. ती माणसासाठी आहे. ५० ग्रॅमच्या जिवाला तिचं जास्त झालं तर कॅल्शियम हाडाऐवजी किडनी आणि हृदयात साचतं. उन्हातून मात्र ड जीवनसत्त्व कधी जास्त होत नाही.

टेंगळं कशामुळे येतात : मराठवाड्याची कोरडी हवा

पाठ मऊ होणं वेगळं आणि पाठीवर पिरॅमिडसारखी टेंगळं येणं वेगळं. जमिनीवरच्या कासवांमध्ये दुसरा प्रकार फार दिसतो. बरीच वर्षं सगळे म्हणायचे, प्रथिनं जास्त झाली म्हणून असं होतं. २००३ साली व्हिएन्नातल्या विझनर आणि इबेन या दोन संशोधकांनी सल्काटाची ५० पिल्लं घेऊन हे तपासलं. काहींना कमी प्रथिनं, काहींना जास्त. काहींना कोरड्या हवेत ठेवलं, काहींना दमट. पाच महिन्यांनी दिसलं की प्रथिनांचा फरक किरकोळ होता, हवेच्या ओलाव्याचा मोठा. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले.

हे ऐकून विचित्र वाटतं, कारण सल्काटा वाळवंटाच्या कडेचं आहे. पण तिथे पिल्लं दिवसभर वाळूवर तळत बसत नाहीत. ती बिळात, झुडपाच्या बुडाशी, ओलसर मातीत असतात. आपण त्यांना कोरड्या फरशीवर, पंख्याखाली, वर्तमानपत्रावर ठेवतो.

आपल्याकडे ऑक्टोबर ते जून हवा कोरडीच असते. उपाय मात्र स्वस्त आहे. कुंभाराकडून एक लहान मडकं आणा, किंवा फुटलेला माठ घ्या. आडवा ठेवून त्यात ओली माती किंवा कोकोपीट पसरा. पिळलं तर पाणी गळू नये, पण हाताला गार-ओलं लागावं. पिल्लाला त्यात झोपू द्या. रोज सकाळी पाणी शिंपडा. बाकी जागा कोरडी आणि उबदार राहू द्या, कारण सगळीकडेच चिखल असेल तर थंडीत त्याला सर्दी होते, फुप्फुसं बिघडतात.

शिवाय रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्याची अंघोळ. पसरट थाळीत पाणी इतकंच की पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे मिळतं तिथपर्यंत यावं, मान सहज वर राहावी. यात ते पाणी पितं, पोट साफ करतं. लघवीसोबत पांढरं, लोण्यासारखं काही आलं तर घाबरू नका. तेच वाळूसारखं खरखरीत आलं तर समजा, पाणी कमी पडतंय.

स्लायडरची टाकी

स्लायडरला ओलाव्याचा प्रश्न नाही, त्याचा प्रश्न उलटा आहे. त्याला पाण्यातून पूर्ण बाहेर येऊन वाळायची जागा हवी. एक वीट किंवा उतरता लाकडी तुकडा पुरतो. टाकीत ती जागा नसेल आणि पाणी घाण असेल, तर कवचावर खड्डे पडतात, वास येतो, तुकड्याखाली पू होतो. पाणी त्याला पोहता येईल एवढं खोल ठेवा. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घाला, आणि निदान दोन दिवसांनी बदला.

कधी कधी स्लायडरच्या पाठीवरून पातळ, पारदर्शक पापुद्रे निघतात. ते बरोबर आहे, वाढताना जुना थर गळतो. ओढून काढू नका. सल्काटाचे तुकडे मात्र असे गळत नाहीत. गळले तर डॉक्टरला दाखवा.

वजनकाटा आणि वही

घरातल्या मुलाला काम द्या. दर जुम्म्याला सकाळी, खाण्याआधी, किचनच्या काट्यावर वजन आणि पट्टीने सरळ लांबी. वहीत तारीख टाकून लिहायचं, महिन्याला आलेख काढायचा. यात विज्ञान आणि गणित दोन्ही येतं, आणि आपल्याला खरी माहिती मिळते. हवी ती हळू, एकसारखी वाढ. महिन्यात अचानक फार वाढलं तरी चांगलं नाही. चार आठवडे वजन थांबलं किंवा उतरलं तर काहीतरी चुकतंय.

नवजात पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच. पण काही महिन्यांच्या पिल्लाची पाठ बोटाने दबत असेल, कडा वर वळल्या असतील, जबडा रबरासारखा वाटत असेल, मागचे पाय ओढत असेल, डोळे सुजले असतील, तर थांबू नका. तालुक्याचा जनावरांचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी असतो, तिथे कासवाचा अनुभव असेलच असं नाही. आधी फोनवर विचारा, "कासव बघता का?" परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. वेळेत पोचलात तर पुढची वाढ सुधारते. आधी वाकलेलं सरळ होत नाही, पण जनावर जगतं.

कवचाला मोहरीचं किंवा खोबऱ्याचं तेल चोळू नका, व्हॅसलीन नको, रंग नको, चमकी नको. आणि दोरी बांधायला कडेला भोक तर कधीच पाडू नका. ते हाड आहे. आपल्या बरगडीला भोक पाडल्यासारखं आहे ते.

घरातल्या लहानग्यांची काळजी

कासव निरोगी दिसत असलं तरी त्याच्या अंगावर सॅल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. मुलं कासव तोंडाला लावतात, टाकीचं पाणी हाताला लागतं, मग जुलाब, ताप. याच कारणामुळे अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे. म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त जी पिल्लं विकली जातात, नेमकी तीच. हात लावला की साबणाने हात धुवा. टाकी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी बुजुर्ग असेल तर कासव आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नको झालं म्हणून नदीत नाही

स्लायडर वीस-तीस वर्षं जगतं. मादी फूटभर लांब होते. नाण्याएवढं होतं तेव्हा सगळ्यांना हवं असतं, ताटाएवढं झालं की कुणालाच नको असतं. मग एखाद्या संध्याकाळी ते गोदावरीत किंवा गावच्या तळ्यात सोडलं जातं, आणि सोडणाऱ्याला वाटतं, सवाबचं काम केलं, आझाद केलं.

तसं होत नाही. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जातींच्या यादीत स्लायडरचं नाव आहे. ते देशी कासवांचं खाणं खातं, ऊन घ्यायच्या जागा बळकावतं, नवे रोग आणतं. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. केरळमध्ये ते मोकळ्या पाण्यात सापडू लागलं तेव्हा तिथल्या संशोधकांना लोकांना आवाहन करून ती गोळा करावी लागली. आपल्या गोदावरीतली कासवं आधीच वाळूउपसा आणि जाळी यांमध्ये अडकली आहेत. नको झालेलं स्लायडर दुसऱ्या जबाबदार घराला द्या, किंवा वनविभागाला अथवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला विचारा. पाण्यात नाही.

घेण्याआधी घरात बसून एवढंच बोला. मूल दहावीला गेलं, मग शिकायला बाहेरगावी गेलं, की याचं कोण बघणार? रोजची अंघोळ, ऊन, पाला कोण करणार? अम्मीवरच येणार असेल तर अम्मीला आधी विचारा. उत्तर पक्कं नसेल तर नका आणू. मुलाला कासव बघायचंच असेल तर थंडीतल्या एखाद्या सकाळी गोदावरीच्या काठाला घेऊन जा. काठावरच्या दगडावर पाय पसरून ऊन खात बसलेलं कासव दिसलं, की त्याला सांगा, हात लावायचा नाही, लांबून बघायचं. त्याचं कवच सरळ कसं वाढलं, ते त्याला तिथे न शिकवता कळेल.